तांड्याचा शजरा

आमच्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. रामनवमीला सारा माळ माणसांनी भरून जातो. याच माणसांचे पूर्वज शतकानुशतके मुलूख तुडवीत फिरले, तेव्हा त्यांना ओळखणारे वाटेवर कोणी नव्हते.

बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या, मीठ-धान्य पोहोचवायचे, ही त्यांची लदेणी. मुक्काम गावाबाहेर, पाण्याच्या कडेला. घर नाही, शेत नाही. बाप एका मुलखात मातीआड झाला तर मुलगा पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्याच मुलखात. अशा परक्या रानात आपण कोणाचे, हे सांगणार कोण?

रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात जुनी नोंद आहे. 1630 च्या सुमारास शहाजहानच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी हे राठोड नाईक दख्खनेत उतरले. त्यांचे बैल म्हणे 1,80,000. आकडा फुगलेला असणार. आसफखानाने त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, तो हिंगोलीजवळच्या वंशजांकडे असल्याचे तिथे लिहिले आहे. ताम्रपटाने चाऱ्यापाण्याची सोय झाली. पण साऱ्या तांड्याची नावे त्यावर कशी मावणार?

ती नावे ढाडींनी जपली. ढाडी म्हणजे तांड्याचे भाट, गोताची वंशावळ गाणारे. आणि त्यांचा मूळपुरुष कोण? त्याच ग्रंथातली त्यांची कथा अशी : तो गुरू नानकांचा शिष्य. हुमायूनच्या मेजवानीला गेला, तिथल्या जेवणानंतर मुसलमान झाला आणि दरबारात गवई म्हणून राहिला. पुढे त्याची मुले चारण बंजाऱ्यांना येऊन मिळाली. नानकांचे निधन 1539 चे, हुमायून तख्तावर आला 1530 ला. सनावळीत कथा बसते. बसली म्हणून घडलीच, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र आपल्या खानदानाची याद ज्याच्या गळ्यात आहे तो एका मुसलमानाचा वंशज, हे सांगायला तांड्याला कधी संकोच वाटला नाही, ही गोष्ट आम्हांला सनावळीहून मोठी वाटते.

संकोच दुसऱ्या बाबतीत होता. त्याच नोंदीत ढाडींची पायरी समाजात सर्वांत खालची आहे. साऱ्यांच्या आजा-पणजाची नावे ज्याला पाठ, तोच पंगतीत कडेला! आपल्याकडेही शजरा सांगणाऱ्या फकिराला आपण कुठे बसवत होतो, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहावे.

पुढे रेल्वे आली, सडका झाल्या, लदेणी बुडाली. तांडे या डोंगराळ भागात स्थिरावले. काही ऊसतोडीला जातात आणि पुन्हा पालात राहतात. 2024 च्या ऑक्टोबरात पोहरादेवीला नंगारा वास्तुसंग्रहालय उघडले. आमचे वाचक तिकडे गेलेच, तर त्यांनी ढाडींची चौकशी करावी.