चिमट्यातला आकडा आणि छातीतला दम

आजची पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात कुणी दमेकरी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

२०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आशाताई गल्लोगल्ली फिरून उंबऱ्यावर उभ्या राहून लोकांचा ताप आणि ऑक्सिजन मोजू लागल्या. पुढच्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली. त्या दोन महिन्यांत 'सॅच्युरेशन' हा शब्द आपल्याकडे पावसा-पाण्याइतका रोजचा झाला. 'किती आहे?' असं विचारलं की कांद्याचा भाव नाही, बोटावरचा आकडा सांगायचे लोक. मेडिकलवाल्याकडे चिमटा मिळेना, मिळाला तर दुप्पट-तिप्पट किमतीला.

कोविड ओसरला. चिमटा कपाटात गेला. सेल तसेच राहिल्याने कित्येकांचे आतून गंजलेही असतील.

पण हे यंत्र ज्यांना रोज उपयोगी पडतं ते लोक आधीही होते आणि आजही आहेत. आपण सरसकट 'दमा' म्हणतो त्यातला मोठा भाग सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आकसण्याचा असतो. २०१६ साली भारतात असे साधारण साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला होता. आणि हा काही फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा आजार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच मांडलं होतं की कधीच धूम्रपान न केलेल्यांनाही हा रोग मोठ्या प्रमाणावर होतो, आणि चुलीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण आहे. जन्मभर चुलीपुढे बसलेली आपली आई-आजी, क्रशरवर धूळ खाणारा मजूर, सिन्नर-संगमनेरकडे तंबाखूच्या भुकटीत बसून विड्या वळणाऱ्या बाया, सगळे यात आले.

आता या चिमट्याचा इतिहास बघू. त्यातून आजच्या कामाच्या दोन-तीन गोष्टी कळतात.

रक्तात ऑक्सिजन असला की ते लालभडक दिसतं, कमी झाला की काळपट. १८६४ मध्ये जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने रंगाचा हा फरक प्रकाशाच्या पट्ट्यात दाखवून दिला. पण रुग्णाजवळ बसलेल्या डॉक्टरकडे त्यानंतरही बरीच वर्षं स्वतःचे डोळेच होते. ओठ निळे पडले, नखं निळी झाली की ऑक्सिजन कमी, असा हिशेब. १९४७ मध्ये अमेरिकेत कॉम्रो आणि बोटेल्हो यांनी हा हिशेब तपासून पाहिला. ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत बहुतेक निरीक्षकांना निळेपणा ठामपणे सांगताच आला नाही. म्हणजे डोळ्याला दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

डोळ्याला मदत करणारं यंत्र तोवर जन्माला आलं होतं. जर्मनीत कार्ल मॅथेसने १९३५ च्या सुमारास कानाच्या पाळीतून दोन रंगांचा प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजायचा प्रयत्न केला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक उंचावर गेले की हवा विरळ होऊन बेशुद्ध पडायचे, म्हणून अमेरिकेत ग्लेन मिलिकनने कानाला लावायचं यंत्र केलं. 'ऑक्सिमीटर' हे नाव त्याचंच. पण कान गरम करा, यंत्र जुळवून घ्या, मग मोजा, असा सगळा खटाटोप होता. नाहीतर धमनीत सुई घालून रक्त काढायचं. ती सुई ज्याने सोसलीय त्याला विचारा किती दुखतं ते.

मग आला जपानचा ताकुओ आओयागी. निहोन कोहडेन कंपनीतला इंजिनिअर. १९७२ च्या सुमारास तो वेगळ्याच कामावर होता. हृदय किती रक्त फेकतं ते रक्तात रंग टाकून, कानातून प्रकाश सोडून मोजायचं होतं. पण दर ठोक्याला कानातलं रक्त कमी-जास्त व्हायचं आणि आलेखाची रेघ थरथरायची. ती थरथर घालवायच्या खटपटीत त्याच्या लक्षात आलं की ठोक्याबरोबर हलतं ते फक्त धमनीतलं रक्त. कातडी, हाड, शिरेतलं रक्त जवळजवळ जागच्या जागी. म्हणजे दोन रंगांच्या प्रकाशातली ती थरथर तेवढीच मोजली तर सुई न टोचता धमनीतला ऑक्सिजन कळेल! १९७४ मध्ये त्याने हे जपानमधल्या परिषदेत मांडलं.

त्याच्या कंपनीने ते फार पुढे नेलं नाही. पुढे अमेरिकेत बायॉक्स आणि नेलकॉर या कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात त्याची सुटसुटीत यंत्रं काढली आणि ती ऑपरेशन थिएटरमध्ये पोचली. ऑक्सिजन उतरला की 'टीं टीं'चा सूर खाली येतो, ती युक्ती नेलकॉरची. नव्वदीच्या दशकात सगळं यंत्र बोटावर मावेल एवढं झालं. आओयागी १८ एप्रिल २०२० ला वारले. जगभरात लोक त्यांच्या यंत्रावर डोळे लावून बसले होते, नेमके ते दिवस.

हा झाला कौतुकाचा भाग. आता खोट सांगतो.

हे यंत्र ऑक्सिजन थेट मोजत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या रक्ताशी ताडून बनवलेल्या कोष्टकावरून ते आकडा दाखवतं. त्या स्वयंसेवकांत गोऱ्या कातडीचे लोक जास्त होते. काळ्या रुग्णांत आकडा चुकतो, हे १९९० मध्येच जुब्रान आणि टोबिन या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०२० च्या डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आकडेच दिले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्यांत ३.६ टक्के, काळ्यांत ११.७ टक्के. आपल्या रापलेल्या, सावळ्या बोटांसाठी ही गोष्ट परकी नाही.

दुसरं म्हणजे चुलीचा किंवा विडीचा धूर. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटला की साधा चिमटा त्यालाही ऑक्सिजनच समजतो आणि आकडा चांगला दाखवतो. तिसरं, अंगात रक्तच कमी असेल तर ९८ आकड्यालाही अर्थ उरत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे सरकारच्याच सर्वेक्षणात आहे. चुलीपुढे बसणारी, रक्त कमी असलेली, सावळी बाई म्हणजे यंत्राच्या तिन्ही खोटा एकाच ठिकाणी!

म्हणून आकड्याच्या जोडीला माणसाचं सांगणं लागतंच. त्याचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या वेल्समध्ये कोळसा खाणीतल्या मजुरांची फुप्फुसं तपासताना चार्ल्स फ्लेचर या डॉक्टरने धाप मोजायचे साधे प्रश्न ठरवले. चढावर दम लागतो का? बरोबरीच्या माणसासोबत सपाट रस्त्याने चालता येतं का? मध्येच थांबावं लागतं का? कपडे घालतानाही धाप लागते का? त्याच प्रश्नांची सुधारलेली पायरी आजही जगभर वापरतात. यंत्र नाही, वीज नाही, पैसा नाही. फक्त विचारायचं आणि उत्तर खरं मानायचं.

आपल्याकडे अडतं ते याच ठिकाणी. बाई म्हणाली 'दम लागतो' तर आपण म्हणतो, 'वय झालं आता.' आओयागीच्या आलेखातली थरथरही सगळ्यांना नकोशीच होती. त्याने ती मोजली म्हणून यंत्र झालं.

आणखी एक गोष्ट. कोविडने आपल्या डोक्यात ९४ हा आकडा पक्का बसवला. जुन्या सीओपीडीवाल्याचं गणित वेगळं असतं. कित्येकांचा नेहमीचा आकडाच ९०-९१ असतो. घरी ऑक्सिजन कुणाला लावायचा याची साधारण ८८ ची रेघ १९८०-८१ च्या अमेरिकन आणि ब्रिटिश अभ्यासांतून आली. ब्रिटिश अभ्यासात रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ पैकी १९ जण पाच वर्षांत गेले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. फरक मोठा आहे. पण जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ४०५ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. ॲम्ब्युलन्समध्ये भरमसाट ऑक्सिजन दिलेल्यांत ९ टक्के दगावले, बेताने ८८ ते ९२ वर ठेवलेल्यांत ४ टक्के. म्हणून घरातल्या कॉन्सन्ट्रेटरचा फ्लो आपल्या मनाने वाढवायचा नाही. आणि लोडशेडिंगमध्ये काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं.

मग करायचं काय? मी डॉक्टर नाही, पण डॉक्टर मंडळी जे सांगतात ते एवढंच आहे.

एक शंभर पानी वही घ्या. डॉक्टरांना विचारून 'माझा नेहमीचा आकडा' आणि 'या आकड्याखाली दवाखाना' हे दोन आकडे पहिल्या पानावर लिहा. पाच मिनिटं शांत बसून, बोट गरम करून, मेंदी-नेलपॉलिश नसलेल्या बोटाला चिमटा लावा. आकडा स्थिर झाला की मगच लिहा. शेजारी लिहा, आज धाप कालच्यापेक्षा जास्त का, बेडक्याचा रंग बदलला का, पाय सुजलेत का, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, रात्री उशा वाढवाव्या लागल्या का. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडले, माणूस बरळायला लागला किंवा गुंगीत गेला, तर चिमटा काहीही दाखवो, १०८ ला फोन करा.

शेवटचं, गावकीचं बोलतो. कोविडात ग्रामपंचायतींनी, मंडळांनी, दात्यांनी ऑक्सिमीटर घेतले होते. ते आज कुठे आहेत? चालू किती, बंद किती? येत्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारा. चालू असतील ते आशाताईंकडे द्या आणि गावातल्या दमेकऱ्यांची यादी करून महिन्यातून एकदा मोजायला सांगा. मात्र जादा कामाचा मोबदलाही त्यांना मिळालाच पाहिजे, नुसत्या टाळ्या नकोत. बीपी-शुगरची तपासणी आता उपकेंद्रात होते, त्याच रांगेत 'दम लागतो का?' हा एक प्रश्न वाढवायला सरकारला किती खर्च येणार आहे?

तुमच्या गावातले चिमटे कुठे आहेत ते कमेंटमध्ये लिहा. गावाच्या नावासह यादी करून मी ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे नेऊन देतो, आणि उत्तर काय मिळालं तेही इथेच सांगतो.