रंग धरणारे, रंग सोडणारे

लॅबच्या रिपोर्टवर ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ वाचलं की वजनाचं माप आठवतं. प्रत्यक्षात ते हान्स क्रिस्तियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरचं आडनाव आहे. १८८४ साली बर्लिनमध्ये त्याने शोधलेली पद्धत ‘जंतू जांभळे रंगवण्याची युक्ती’ म्हणून सांगितली जाते. मला हे वर्णन अपुरं वाटतं. जंतू रंगवणं तेव्हा नवं नव्हतं. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने १८५६ मध्ये लंडनला क्विनीन बनवता बनवता डांबरापासून मिळणाऱ्या अ‍ॅनिलीनमधून जांभळा रंग काढला, आणि कापडासाठी निघालेले तसले रंग पुढे सूक्ष्मदर्शकाखाली आले. कार्ल वायगर्टने मेथिल व्हायोलेटने जंतू रंगवले होते. ग्रॅमने वापरलेलं जेन्शन व्हायोलेटचं द्रावणही पॉल एर्लिखचं. मग ग्रॅमचं त्यात काय? माझ्या मते, चढलेला रंग कसा उतरवायचा, हे त्याने दाखवलं.

त्याची अडचण अशी होती. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसाचा पातळ काप रंगात बुडवला की जंतूंबरोबर पेशींची केंद्रकंही रंगत, आणि जांभळ्यात जांभळं शोधायची वेळ येई. ग्रॅमने रंगवलेला काप आयोडीनच्या द्रावणात ठेवला, मग अल्कोहोलमध्ये धुतला, शेवटी लवंगेच्या तेलात घातला. आजूबाजूचा सगळा रंग निघून गेला. जंतू तेवढे गडद उरले. कापड रंगवणारा तुरटी वापरून रंग पक्का करतो, तसं काहीसं काम इथे आयोडीनने केलं. आज लॅबमध्ये स्लाइडवर अल्कोहोल सोडलं की आधी दाट जांभळे ओघळ येतात, मग फिकट, मग जवळजवळ स्वच्छ. नेमकं तिथेच थांबायचं. क्षणभर जास्त झालं तर धरून ठेवणाऱ्या जंतूंचाही रंग जातो.

पण टायफॉइडच्या जंतूंनी रंग धरला नाही. कुणी म्हणेल, म्हणजे पद्धत फसली होती आणि तिचं महत्त्व योगायोगाने वाढलं. ग्रॅमला सगळे जंतू उठून दिसायला हवे होते, हे खरं. आपली पद्धत सदोष आहे असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं. तरीही न रंगलेल्या जंतूंची नोंद त्याने गाळली नाही, आणि मला त्याची खरी थोरवी त्यातच दिसते. उरलेल्यांना लाल-गुलाबी करणारा दुसरा रंग त्याच्या मूळ पद्धतीत नव्हता, तो इतरांनी जोडला. रंग सोडण्याचं कारण विसाव्या शतकात कळलं: रंग धरणाऱ्यांची, म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंची, पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते, सोडणाऱ्यांची पातळ, आणि तिच्यावर आणखी एक बाह्य पटल असतं. अल्कोहोल ते पटल विरघळवतं, तर जाड भिंत आक्रसून रंग आत कोंडते.

दुसरा आक्षेप असा की क्षयाचा जंतू मेणचट आवरणामुळे या पद्धतीला नीट दाद देत नाही, मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, जुन्या कल्चरमधले जंतू फसवतात. मग ही विभागणी विश्वासाची कशी? पण हे अपवाद भिंतीच्या सिद्धान्ताच्या बाजूचेच आहेत. प्रत्येक ठिकाणी बिघाड भिंतीत किंवा आवरणात आहे. या कसोटीला औषधांनीही साक्ष दिली. फ्लेमिंगच्या १९२९ च्या निबंधात पेनिसिलिनने स्टॅफिलोकॉकसला रोखलं, टायफॉइड आणि कोलायच्या गटावर मात्र ते चाललं नाही. रंग सोडणारा टायफॉइडचा जंतू इथेही वेगळाच निघाला.

म्हणून मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतून काढलेलं पाणी लॅबमध्ये आलं की आजही आधी ग्रॅमची स्लाइड करतात. कल्चर उगवायला एक-दोन दिवस लागतात. स्लाइड काही मिनिटांत सांगते की जांभळं आहे की गुलाबी, आणि डॉक्टर त्यावरून औषधाचा विचार सुरू करतात.