गोड झालेला घास

भाकरीचा तुकडा किंवा भाताचा घास दोन-तीन मिनिटे नुसता चघळत राहिले, की तो हळूहळू गोड लागू लागतो. वर्गात हे आपण लाळेतील विकराचे कार्य म्हणून शिकवतो, आयोडीनचे थेंब टाकून दाखवतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. पण याच घासात मद्यनिर्मितीच्या इतिहासातील एका जुन्या कोड्याचे उत्तर आहे.

द्राक्षांचा रस, ताडी-माडी, मोहाची फुले यांत साखर आयतीच असते. यीस्ट ही साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. धान्याचे तसे नाही. तांदूळ, मका, जव यांत साखर असते ती स्टार्चच्या लांबलचक साखळ्यांत अडकलेली, आणि मद्याच्या यीस्टला त्या साखळ्या तोडता येत नाहीत. म्हणजे धान्यापासून मद्य करायचे, तर आधी स्टार्चची साखर व्हायला हवी. ती करायची कशी? रसायनशास्त्राचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी माणसाने याला तीन उत्तरे शोधली.

पहिले उत्तर तोंडातच होते. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतराजीत मक्याचे 'चिचा' नावाचे पेय करीत. स्त्रिया मक्याच्या पिठाचे गोळे तोंडात घोळवून लाळेने भिजवीत व वाळवून ठेवीत. पुढे ते पाण्यात कालवून तापवीत, उकळीत आणि गार झाल्यावर आंबवीत. तापवताना विकराचे काम वेगाने होई. उकळल्याने जंतू मरत. जिरोलामो बेन्झोनी या इटालियन प्रवाशाने १५६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे वर्णन आहे. अॅमेझॉनच्या जंगलात कसाव्याच्या कंदाचे आणि प्राचीन जपानमध्ये तांदळाचे मद्य याच पद्धतीने होई. ऐकून किळस वाटेल. पण एकमेकांपासून इतक्या दूर राहणाऱ्या लोकांना तीच युक्ती सापडावी, हे विचार करण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर धान्याच्या दाण्यातच होते. दाण्याला मोड येऊ लागला, की अंकुराला अन्न पुरवण्यासाठी दाणा स्वतःच स्टार्च तोडणारे विकर तयार करतो. मेसोपोटेमियातील बिअर अशाच मोड आलेल्या जवाची असे. अँडीजमध्येही आज चिचा बहुधा मोड आलेल्या मक्याचीच करतात. मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाने बाळाची पेज पातळ होते, तीही याच विकरामुळे.

तिसरे उत्तर बुरशीने दिले. चीन व जपानमध्ये वाफवलेल्या धान्यावर मुद्दाम बुरशी वाढवतात. जपानी लोक तिला 'कोजी' म्हणतात. 'साके' हे तांदळाचे मद्य तिच्यावाचून होत नाही. आपल्याकडे झारखंड, ओडिशातील आदिवासी 'हंडिया' करतात, तेव्हा भातात तांदूळ व वनौषधींच्या वाळलेल्या गोळ्या मिसळतात. त्या गोळ्यांत बुरशी आणि यीस्ट दोन्ही असतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उडीद व तांदूळ यांपासून करायच्या 'किण्वा'ची कृती दिली आहे. आपण शिकवतो तो 'किण्वन' हा शब्द याच किण्वावरून आला.

विज्ञान या वाटेवर फार उशिरा आले. लाळेमुळे स्टार्चची साखर होते, हे १८३१ मध्ये लॉइक्स या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले. १८३३ मध्ये पायें आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवातून हा क्रियाशील पदार्थ वेगळा काढला व त्याला 'डायास्टेज' हे नाव दिले. वेगळा काढलेला हा पहिला विकर मानला जातो. 'एन्झाइम' हा शब्द क्यूनेने १८७८ मध्ये रूढ केला; त्याचा अर्थच मुळी 'यीस्टमधील' असा आहे! पुढे साके गाळणाऱ्या घराण्यातील मातेचा पुत्र जोकिची ताकामिने याने कोजी बुरशी कोंड्यावर वाढवून तिच्यातून विकर काढला आणि १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. 'टाका-डायास्टेज' या नावाने तो पचनाचे औषध म्हणून विकला गेला.

मद्याने किती संसार धुळीला मिळाले, हे आपण जाणतो. त्याची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. पण विकरांच्या शोधाचे श्रेय मोजताना केवळ प्रयोगशाळेपासून आरंभ केला, तर अर्धा इतिहास गळून जातो. पीठ चघळणाऱ्या अँडीजमधील स्त्रिया, गोळ्या वाळवणारे आदिवासी यांना विकर हा शब्द ठाऊक नव्हता. पण काय घातले, किती तापवले, किती दिवस ठेवले म्हणजे काय होते, याचे निरीक्षण त्यांनी पिढ्यान् पिढ्या नेमके केले होते.

वर्गात हा इतिहास चार परीक्षानळ्यांत मांडता येईल. चारींत सारखीच पातळ, गार केलेली खळ घ्यावी. पहिलीत थोडी लाळ घालावी, दुसरीत मोड आलेली नाचणी वाटून गाळलेले नितळ पाणी, तिसरीत उकळून गार केलेली लाळ, चौथीत साधे पाणी. अर्ध्या तासाने आयोडीन टाकावे. कोणत्या नळ्या निळ्या होतात आणि कोणत्या होत नाहीत, हे विद्यार्थ्यांनाच पाहू द्यावे आणि कारण त्यांनाच विचारावे.