गोणीपासून खोक्यापर्यंत: वाशिंद परिसरातील माल-बांधणीचा इतिहास

मालाची बांधणी कशी असावी, हे माल तयार करणाऱ्याच्या आवडीनिवडीपेक्षा तो माल कोणत्या वाटेने, किती हातांतून आणि किती वेळा चढ-उतार होऊन जाणार आहे, यावर ठरते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे; कारण घाटमाथा आणि किनारा यांच्या मधल्या या पट्ट्यातून सुमारे दोन हजार वर्षे व्यापारी माल जात राहिला, वाहतुकीची साधने मात्र बदलत गेली, आणि दर बदलाबरोबर जुनी बांधणी अपुरी ठरून नवी शोधावी लागली. पापड, मसाले किंवा वारली चित्रे ऑनलाइन विकणारा आजचा छोटा व्यावसायिक ज्या पुठ्ठ्याच्या खोक्याची चिंता करतो, ते खोके या मालिकेतला सर्वांत अलीकडचा टप्पा होय.

या मालिकेचा आरंभ नाणेघाटापाशी दिसतो. जुन्नर आणि कल्याण बंदर यांना जोडणारी ही वाट मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याच्या बाजूने वर चढते, आणि माथ्यावरील लेण्यातला सातवाहनकालीन शिलालेख व जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण तिच्या प्राचीनतेची साक्ष देतात. अशा अरुंद, पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेवर गाडी चालत नसे, त्यामुळे माल बैलाच्या पाठीवरूनच न्यावा लागे. त्यासाठी वापरली जाणारी गोण, म्हणजे पाठीच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाने लोंबणारी जाड कापडाची जोडपिशवी, वाटेच्या गरजेतूनच घडली होती. एक बाजू जड झाली की ओझे कलंडे, फार फुगली की कड्याला घासे, आणि तांड्याच्या प्रत्येक मुक्कामावर ती उतरवून सकाळी पुन्हा लादायची असल्याने शिवण कच्ची असून चालत नसे.

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेला रेल्वेने धक्का दिला आणि त्यात शहापूर तालुक्यातील वाशिंदला काही काळ विशेष स्थान लाभले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदपर्यंत पोहोचला. पुढचा आसनगावपर्यंतचा टप्पा मात्र ६ फेब्रुवारी १८६० रोजी सुरू झाला. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ वाशिंद हे या फाट्याचे शेवटचे स्थानक होते, आणि थळ घाट उतरून येणाऱ्या मालाला बैल किंवा गाडी सोडून रेल्वेचा डबा गाठण्याची जागा साहजिकच इथे होती. वाहन बदलण्याच्या अशा ठिकाणी बांधणीची खरी परीक्षा होते, कारण धावत्या वाहनात मालाला जेवढा धोका असतो, त्याहून अधिक तो उचलताना, टाकताना आणि थप्पी लावताना असतो. रेल्वे १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला पोहोचली आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला गेली, तोवर वाशिंदचे हे महत्त्व ओसरले होते.

त्याच काळात कापसाच्या व्यापाराने बांधणीचा दुसरा पैलू पुढे आणला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले आणि बंद गठ्ठ्यात सरकी, माती किंवा हलका कापूस मिसळण्याचे प्रकार इतके वाढले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील फसवणुकीविरुद्ध खास कायदा करावा लागला. बांधलेला माल घेणाऱ्याला आतून पाहता येत नाही, त्यामुळे बांधणी हा विश्वासाचाही प्रश्न असतो. पडद्यावरचे चित्र पाहून पैसे भरणाऱ्या ग्राहकाची स्थिती त्या काळच्या दूरच्या खरेदीदाराहून फारशी वेगळी नाही. माल हाती येताना चेपलेले किंवा एकदा उघडून पुन्हा चिकटवलेले खोके त्याच्या मनात आतल्या वस्तूविषयीही शंका निर्माण करते.

तिसरा पैलू आकारमानाचा आहे. कापूस किंवा गवत यांसारखा हलका माल वजनाच्या मानाने जागा फार अडवतो, म्हणून कापूस यंत्राने दाबून त्याच्या घट्ट गासड्या बांधल्या जात, आणि मुंबईच्या तबेल्यांना लागणारे ठाणे जिल्ह्यातील गवतही दाबून, गठ्ठे बांधून पाठवले जाई. कुरिअर कंपन्यांची ‘आकारमानी वजन’ ही पद्धत याच हिशेबावर उभी आहे: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा, त्याला बहुधा ५,००० ने भागायचे, आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असल्यास त्यावर भाडे लावायचे. एक किलो पापड ३० × ३० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात घातले तर ते ३.६ किलोचे पार्सल ठरते. मालाच्या मापाचे खोके निवडले तर हाच खर्च बराच खाली येतो.

नुकसान कोणी सोसायचे, याचाही इतिहास आहे. १८९० च्या रेल्वे कायद्याखाली ‘रिस्क नोट’ची पद्धत रूढ झाली, म्हणजे कमी भाड्याच्या किंवा सदोष बांधणीच्या मालाची जोखीम पाठवणाऱ्याने लेखी पत्करायची. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही सदोष बांधणीच्या मालासाठी स्वतंत्र कलम आहे. टपाल खात्याने १८७७ मध्ये सुरू केलेल्या व्ही.पी. पद्धतीत, म्हणजे पोस्टमनने वस्तूची किंमत घेणाऱ्याकडून वसूल करून विक्रेत्याला पोहोचवण्याच्या पद्धतीत, घेणाऱ्याने पार्सल नाकारले तर ते विक्रेत्याकडे परत येई. मांजरपाटात शिवून, शिवणीवर लाखेचे ठसे उमटवलेली पार्सले हे त्या जोखमीवरचे उत्तर होते, कारण ठसा मोडल्यावाचून शिवण उसवता येत नसे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणजे वाटेत फुटलेल्या बरणीचा भार अखेर बहुधा त्याच्यावरच येतो.

आजचे खोके पन्हळी पुठ्ठ्याचे असते: दोन सपाट कागदांमध्ये लाटांसारखा दुमडलेला तिसरा कागद चिकटवला की तीन पदरी, आणि अशी आणखी एक जोड दिली की पाच पदरी पुठ्ठा तयार होतो. अमेरिकेत १८७१ मध्ये अल्बर्ट जोन्स याने बाटल्या गुंडाळण्यासाठी अशा कागदाचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचा उपयोग धक्का शोषण्यापुरताच होता. पुढे त्याची खोकी बनू लागल्यावर थप्पीचा भार पन्हळींवर आला. पन्हळी उभ्या असतील तरच त्या हा भार पेलतात, आणि कागद ओलावला की त्यांचे बळ झपाट्याने घटते. शहापूर-मुरबाडच्या मुसळधार पावसाळ्यात ही बाब दुय्यम राहत नाही. आत प्लास्टिकची पिशवी, सांध्यावर रुंद चिकटपट्टी आणि मोकळ्या जागेत चुरगळलेला कागद यांचा खर्च भाड्याइतकाच आवश्यक धरावा लागतो.

वाशिंदहून निघालेले पार्सल आता मुंबई-नाशिक महामार्गाने भिवंडी-पडघा भागातील गोदामांकडे जाते, तिथे त्याची वर्गवारी होते, आणि ग्राहकाच्या दारी पोहोचेपर्यंत ते अनेकदा उचलले-टाकले जाते. मोठी कंपनी हजारो पार्सलांतील थोडी मोडतोड एकूण खर्चात जिरवू शकते. महिन्याला पन्नास पार्सले पाठवणाऱ्या बचत गटाला मात्र दोन परतावेही त्या महिन्याचा नफा बराच कमी करू शकतात. गोण, गासडी आणि लाखेचा ठसा ही साधने तोल, जागा आणि विश्वास यांच्या गरजांतून निर्माण झाली होती, आणि छोट्या विक्रेत्याच्या खोक्याला या तिन्ही गरजा एकाच वेळी भागवाव्या लागतात. म्हणून खोक्याची निवड दुकानातील मांडणीपेक्षा प्रवासातील सर्वांत आडदांड हाताळणी डोळ्यांसमोर ठेवून करणे, हाच या दीर्घ इतिहासाचा व्यवहारी निष्कर्ष ठरतो.