मुधोळचा ळ

गोदातीरी बासर येथे श्रीज्ञानसरस्वतीच्या मंदिरात मुलांचा अक्षराभ्यास करण्याची चाल आहे. मातापिता मुलाला मांडीवर घेऊन बसतात, पुरोहित त्याचा चिमुकला हात धरून पाटीवर पहिली अक्षरे गिरवून घेतो, आणि त्या घटकेपासून ते मूल विद्येच्या वाटेस लागले असे मानतात. आम्ही दर्शनास गेलो असता शेजारी दोन कुटुंबे बसली होती, एक मराठी व दुसरे तेलुगू. पाट्यांवरील लिपी निरनिराळ्या होत्या. तेलुगू माउली मुलाला 'चूडु', म्हणजे 'पाहा', असे म्हणाली आणि आमचे कान टवकारले. तिच्या 'चूडु'तील च आमच्या 'चूल' आणि 'चूक' या शब्दांतलाच होता, 'चिमणी'तला नव्हता.

आम्ही मराठी लोक एकच च लिहितो आणि त्याचे दोन उच्चार करतो. 'चंद्र' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'चांदणे' म्हणताना ती दातांकडे सरकते. 'जग' हे विश्व आणि 'जग' हा आशीर्वाद लिहिण्यात एकरूप आहेत. मुखात मात्र वेगळे आहेत. सामान्यतः संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य राहिले आणि घरगुती वळणाच्या शब्दांत अ, आ, उ, ओ या स्वरांपूर्वी च आणि ज दंत्य झाले. त्यालाही 'चार'सारखे अपवाद आहेतच. हा भेद कोकणीत आहे आणि तेलुगूतही आहे. तेलुगूत तर दंत्य उच्चारांसाठी दोन स्वतंत्र अक्षरे केली गेली होती. आता ती वापरात राहिली नाहीत. अक्षरे गेली तरी उच्चार टिकले, कारण ते आयांच्या तोंडी होते.

या सीमेवर गावांची नावेही अशीच दोन भाषांच्या मुखांतून फिरली आहेत. महर्षी व्यासांनी तप केले म्हणून हे स्थान 'व्यासर', आणि मराठी बोलण्याच्या प्रभावाने त्याचे 'बासर' झाले, असे स्थलकथा सांगते. हिंदीच्या 'बीस'ला 'वीस' म्हणणारी मराठी येथे वचा ब का करील, असा प्रश्न चिकित्सकाला पडेल. परंतु नावातील बदलाचे कारण शेजारच्या भाषेत शोधावे, हे लोकांना सुचले, यातच या भूमीचा इतिहास आहे.

जवळच्या मुधोळची कथा अधिक बोलकी आहे. निजामाच्या राज्यात हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादमधून मुंबई राज्याकडे गेले आणि मुधोळ आदिलाबादला जोडले गेले. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात आहे. या सर्व काळात त्याच्या ळचे काय झाले? निजामी दप्तराची भाषा उर्दू. त्या लिपीत ळ नाही, म्हणून तेथे ल आला. इंग्रजीतही तीच गत. तेलुगूत ळ आहे. तरीही तेथे गावाचे नाव लकारान्तच लिहितात. आमच्या व्यवसायात याचा प्रत्यय वारंवार येतो. जुन्या कागदात 'काले', नव्यात 'काळे'; मग ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. एका अक्षरापायी माणसाला आपण आपणच आहोत हे शपथेवर सांगावे लागते!

ज्याला आपण शुद्ध ळ म्हणतो तोही सर्वत्र एकसारखा नाही. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो, झाडीबोलीत 'काळा'चा 'कारा'. कोकणीचे उदाहरण वाचकांच्या घरातलेच आहे. 'घर' हा शब्द देवनागरीत मराठीसारखाच लिहितात. गोव्यात तो असा उच्चारला जातो की रोमी लिपीत लिहिणारे 'घोर' असे लिहितात. मंगळूरकडील सारस्वत त्याच शब्दातील अंत्य अकार स्पष्ट उच्चारतात, आणि 'देव' त्यांच्या मुखी 'देवु' होतो. कोकणी ही बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद १९९२ साली तिचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाल्यावर कायद्यापुरता मिटला. परंतु कोणते 'घर' खरे, हे कोणतीही अनुसूची ठरवू शकत नाही.

दूरच्या आयर्लंडनेही हे ओळखले. तेथे १९५८ साली आयरिश भाषेचे लेखन व व्याकरण यांचे सरकारी प्रमाण प्रसिद्ध झाले. उच्चाराचे प्रमाण त्यात ठरविले नाही. 'नौका' या अर्थाचा एकच शब्द वाक्यात आद्य व्यंजन बदलून येतो, तेव्हा दक्षिणेकडील मन्स्टरचा मनुष्य तो दात ओठांवर टेकवून उच्चारतो आणि उत्तरेकडील अल्स्टरचा दोन्ही ओठ गोल करून. लेखन तेच राहते. आपल्याकडेही १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने मान्य केले. चच्या दोन उच्चारांसाठी वेगळी खूण त्यांतही नाही. विधिज्ञाच्या भाषेत सांगायचे तर लेखन हा दस्तऐवज आहे आणि उच्चार हा साक्षीदार. दस्तऐवज पेटीत शंभर वर्षे राहतो. साक्षीदार मात्र जिवंत असावा लागतो.

म्हणूनच आम्हांला काळजी वाटते ती सीमेवरील आणि परमुलखातील मुलांची. ज्या मुलाचे शिक्षण तेलुगूत, कन्नडात किंवा इंग्रजीत होते, ते पुढे हौसेने देवनागरी शिकेलही; परंतु 'जग' हा शब्द पुढे आला की त्यातला आशीर्वाद कोणता हे त्याला पुस्तक सांगणार नाही. आणि घरी आजीकडून ऐकलेला उच्चार त्याने चारचौघांत केला की आपण हसतो. एकदा हसलो की ते मूल दुसऱ्यांदा बोलत नाही. असे कित्येक उच्चार आपल्या हसण्यानेच मुके झाले असतील.

बासरला मुलाचा हात धरून अक्षर गिरविले जाते, तेव्हा आईचा आवाज त्याच्या कानाशीच असतो. तो विधी तेथे काही घटकांत संपतो. घरी परतल्यावर रोज सायंकाळी दिवा लावून झाला की घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाजवळ बसून, आपापल्या बोलीत, चार ओळी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.