सरकीवरचा केस कोणासाठी?

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून एक जण मला म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे वनस्पतींच्या ऊती नि अवयव तुमच्याकडे कुठून आले?" प्रश्न रास्त आहे. वनस्पतिशास्त्र मी मॅट्रिकनंतर शिकलो नाही. पण शाळेच्या पुस्तकात या धड्याचं नाव 'रचना व कार्य' असं असायचं, आणि त्यातला दुसरा शब्द मला आयुष्यभर छळत आलाय. रचना भिंगाखाली दिसते. कार्य दिसत नाही, ते कोणीतरी सांगावं लागतं. मग सांगणारा कोण, हा प्रश्न आमच्या खात्यात येतो. त्याचं उत्तर शोधायला वर्धा जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही, कारण एका अवयवाचं कार्य इथे दीडशे वर्षांत तीन-चार वेळा बदललं. तो अवयव म्हणजे कापसाचा धागा.

आधी रचना पाहू. टेबलावर तीन वस्तू ठेवल्या आहेत : एक कापसाचं बोंड, थोडी सावरीची रुई आणि अंबाडीचा वाख. तिघांनाही आपण तंतू म्हणतो. तिन्ही झाडं तशी भाऊबंदच, शास्त्रज्ञ त्यांना आज एकाच कुळात घालतात. पण तंतू तीन वेगळ्या ठिकाणांहून येतो. अंबाडीचा वाख खोडाच्या सालीतून निघतो. पानांत तयार झालेलं अन्न खाली नेणाऱ्या रसवाहिन्या सालीत असतात, त्यांच्या आधाराला जाड भिंतीच्या लांबट पेशींचे जुडगे असतात, तो हा वाख. खोड पाण्यात कुजवलं की मऊ भाग गळतो आणि जुडगे उरतात. सावरीची रुई फळाच्या सालीच्या आतल्या बाजूला उगवते. आणि कापूस उगवतो थेट बीवर, म्हणजे सरकीच्या अगदी बाहेरच्या थरावर.

या थरातली साधारण चारातली एक पेशी, फूल उमलतं त्याच दिवशी, बाहेरच्या बाजूला फुगायला लागते. पुढचे तीनेक आठवडे ती नुसती लांब होते. रुंदी केसाहून कमी आणि लांबी तिच्या हजार-दोन हजार पट, तरीही पेशी एकच! मधे कुठे सांधा नाही. मग लांबी थांबते आणि आतून भिंत जाड व्हायला लागते, ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोजची. फुलापासून दीड महिन्याच्या पुढेमागे बोंड फुटतं, पेशी मरते, आतलं पाणी उडून जातं आणि पोकळ नळी चपटी होऊन स्वतःभोवती पीळ घेते. हा पीळ आहे म्हणून एक तंतू दुसऱ्याला धरतो आणि सूत निघतं. सावरीचा तंतू गुळगुळीत, त्याला हा पीळच नाही. तिची उशी होते, धोतर होत नाही.

यातून एक गोष्ट कास्तकाराने आपोआप ओळखली होती, फक्त पेशीच्या भाषेत नव्हे. फुलानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत पावसाने दडी मारली तर धागा आखूड राहतो. दडी त्यानंतर बसली तर लांबी मिळते पण भिंत भरत नाही, कापूस पोचट राहतो, त्यात गाठी होतात आणि रंग नीट धरत नाही. म्हणजे पोळ्याच्या आणि दसऱ्याच्या आभाळाची नोंद त्या एका पेशीत होत असते.

आता कार्य. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की अवयव समजायचा तर तो कशासाठी आहे हे आधी विचारा. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने हिंदुस्थानातल्या कापसाचं ऐकीव वर्णन करून ठेवलं आहे : सपाट रानात ओळीने लावलेली ही झाडं लांबून द्राक्षवेलींसारखी दिसतात, असं तो सांगतो. झाडाचा उपयोग त्याने एका शब्दात संपवला, कपडे. बिचाऱ्या झाडाला कोणी विचारलंच नाही! रानटी कापसाच्या बीवरची लव आखूड असते. बीच्या संरक्षणाला, कदाचित पसरण्याला ती कामी येत असावी. ती लव लांब झाली ती माणसाने हजारो वर्षं निवड केली म्हणून. तेव्हा 'कार्य' या शब्दात निदान दोन जण बोलत असतात, झाड आणि माणूस. आणि माणूसही एक नसतो.

वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला 1862 साली. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या होत्या आणि हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जात होता. शेतकरी त्याला बनी म्हणत. देशी जातीचाच, पण धागा इंचाच्या आसपास, मऊ आणि चिवट. सरकारने मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. (हेच गृहस्थ 1867 मध्ये नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळं उकरत होते. साहेबाला दोन्ही नाद.) त्याच साली रेल्वे वर्ध्यावरून नागपुरापर्यंत पोहोचली.

आपल्याला वाटेल, आता बनीचं भलं झालं असणार. उलट झालं. पूर्वी बायका घरी हातरेच्यावर कापूस रेचायच्या आणि बियाण्याची सरकी घरातच राहायची, म्हणून जात शुद्ध टिकायची. जिनिंगचे कारखाने आले तसा चार गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला आणि तिथून परत आलेली सरकी मिसळीची असायची. दुसरं कारण अधिक निर्दय. बनीच्या शंभर किलो कापसात रुई तीस किलोंच्याही आत. आखूड धाग्याच्या जातींत ती चाळिसाच्या घरात, आणि त्या पिकतही जास्त. व्यापारी भेसळ करायचा, त्यामुळे लांब धाग्याचा वाढीव भाव शेतकऱ्याच्या हाती पडायचा नाही. मग त्याने बनी का लावावी? विसाव्या शतकाच्या आरंभी प्रांताच्या शेतकी खात्यानेही रोझियम नावाच्या आखूड धाग्याच्या जातीचीच शिफारस केली. हिशेबात खातं चुकलं नव्हतं. पेशीच्या लांबीला भाव मिळेना, तेव्हा पेशींच्या वजनाला मिळाला, एवढंच. त्या एका बदलानं आपली एक जात शेतातून गेली.

तिसरा खुलासा वर्धा शहरातच झाला. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने वर्षाअखेर अहवाल दिला. मुलाने एक हस्तोद्योग शिकावा आणि बाकीचे विषय त्यातून उलगडावेत, ही कल्पना. मला ती आजही मोठी वाटते. एका बोंडातून काय काय निघतं पाहा : मूळ, खोड, पान, फूल, मग बी, पेशी, मग टकळी, मग सुताचा नंबर, म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लड्या बसतात याचं गणित, मग मँचेस्टर. अभ्यासक्रमाच्या सामान्य विज्ञानात वनस्पतिशास्त्र नावानिशी होतं.

पण वेळापत्रक काढून बघा. दिवसाचे साडेपाच तास. त्यात हस्तोद्योगाला 3 तास 20 मिनिटं, आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून 30 मिनिटं. समर्थक सांगायचे की विज्ञान हस्तोद्योगातच मिसळलेलं आहे. मिसळणारा शिक्षक असेल तर खरंच. नसेल तर मुलगा सूत मोजतो, आणि ते सूत कशाचं आहे हे त्याला कोणी सांगत नाही. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून भागावा या कल्पनेला परिषदेतच के. टी. शहांसारख्यांनी हरकत घेतली होती. मला त्यांचं पटतं, आणि तरी कल्पना सोडवतही नाही. मी स्वतः लहानपणी टकळी फिरवली. सूत तुटलं की छडी मिळायची. पण हा धागा एका पेशीचा आहे हे मला पन्नाशीनंतर, एका नातवाच्या पुस्तकात समजलं. त्या गुरुजींवर माझा राग नाही, त्यांनाही कोणी सांगितलं नसणार.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 1970 मध्ये गुजरातेत एच-4 हा संकर आला, 2002 मध्ये बीटी. आज आपल्या शिवारात जवळपास सगळा अमेरिकन जातीचा कापूस. या वेळी चर्चा धाग्याची नव्हतीच, बोंडाची होती. बोंडअळी आत शिरते तेव्हा तिला धाग्याशी देणंघेणं नसतं, तिला कोवळी सरकी हवी. झाडाच्या पेशीपेशीत विष घालून तो प्रश्न काही वर्षं सुटला. गुलाबी अळीने मग त्यावरही मात केली, 2017 चा हंगाम इथे कोणी विसरलेलं नाही. देशी झाडाचं सोटमूळ काळ्या मातीत खोल जातं आणि पावसाच्या खंडात तग धरतं. तेही एक कार्यच होतं, पण वजनकाट्यावर मुळाला भाव नसतो.

आता बोलणं पुरे. भिंग इथे ठेवलंय. रांगेने या. आधी सावरीची रुई चिमटीत धरून पीळ द्या, मग कापसाची. आणि बोंडातली सरकी कोणी खिशात घालू नका, ती एका कास्तकाराकडून उसनी आणली आहे, उद्या परत द्यायची आहे.