टोपीतली चिठ्ठी

आजचा भाग वणीहून. 'टोपी घालणं' म्हणजे आपल्याकडे फसवणं. रास्पबेरी पायची टोपी मात्र फसगत टळावी म्हणूनच जन्माला आली.

29 फेब्रुवारी 2012 ला पहिला पाय आला. 26 पिना, वर हवा तो बोर्ड बसवा. पण वर काय बसलंय, हे पायला कळायचंच नाही. कुठली पिन इनपुट, कुठली आउटपुट, सगळं आपण सांगायचं. चुकलं, आणि पाय अन् बोर्ड दोघंही एकाच पिनवर आउटपुट देऊ लागले, तर? एक 3.3 व्होल्टकडे ढकलतो, दुसरा शून्याकडे ओढतो. पिन जळू शकते.

मग जुलै 2014 मध्ये 40 पिनांचा बी प्लस आला आणि त्याच महिन्यात 'हॅट'चे नियम. हॅट म्हणजे हार्डवेअर अटॅच्ड ऑन टॉप. नियम असा की टोपीवर एक ईईप्रॉम चिप हवीच. 24सी32 जातीची, म्हणजे जेमतेम 4 किलोबाइट. पिन 27 आणि 28 फक्त तिच्यासाठी राखीव. लिनक्स सुरू व्हायच्या आधीच पाय ही चिठ्ठी वाचतो: बोर्ड कुणाचा, मॉडेल कुठलं, पिना कशा लावायच्या. डेस्कटॉपच्या रॅमपट्टीवरही अशीच चिप असते, बरं का.

चिठ्ठी लिहायची कशी? साध्या टेक्स्ट फाइलीत माहिती भरा, 'ईईपीमेक'ने तिची बायनरी बनवा, 'ईईपीफ्लॅश'ने चिपवर चढवा. लिहिताना राइट-प्रोटेक्ट काढायचं, आणि काम झालं की आठवणीने परत लावायचं.

इथेच एक गोची होते. प्रत्येक बोर्डाचा स्वतःचा यूयूआयडी असतो, आधार नंबरसारखा. रकाना शून्य ठेवला की ईईपीमेक नवा नंबर देतं. पण एकच तयार फाइल दहा बोर्डांवर चढवली, तर दहाही बोर्डांचा नंबर एकच! समजा, ते बोर्ड आपल्याकडच्या द्राक्षबागांत पानांचा ओलावा मोजतायत आणि सॉफ्टवेअर त्यांना याच नंबराने ओळखतंय. डावणीचा धोका एका बागेत, इशारा दुसऱ्याच बागेला. फवारणी वाया, माल हातचा गेला.

डिसेंबर 2023 मध्ये हॅट प्लस आलं आणि चिठ्ठीतला मजकूर आटोपशीर झाला. पण ओळख अजूनही बोर्डासोबतच राहते. म्हणून प्रत्येक बोर्डासाठी फाइल नव्याने बनवा. दोन मिनिटांचं काम आहे.

भेटू पुढच्या भागात!